मैदानातून बाजारात : हकीम ओलाजुवॉन यांची दुसरी खेळी

गेल्या पालकसभेत एक आई शेवटपर्यंत थांबली. बाकीचे पालक निघून गेल्यावर ती आमच्या टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "सर, आमच्या पोराला जरा समजवा. दहावीचं वर्ष आहे आणि हा सकाळ-संध्याकाळ तो बॉल घेऊन मैदानात. याचे अब्बा म्हणतात, खेळून कुणाचं पोट भरलंय? चार दिवस टाळ्या वाजतील. पुढे काय?"

मुलगा तिच्या मागे मान खाली घालून उभा होता. हातातल्या वहीच्या पुठ्ठ्यावर त्याने पेनाने बास्केटबॉलची जाळी काढली होती.

दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, हे आम्ही त्या आईला सांगितले. पण तिचे समाधान झाले नाही, आणि खरे तर आमचेही झाले नाही. तिचा प्रश्न गुणांचा नव्हताच. खेळाडूचे शरीर पस्तिशी-चाळिशीत थकते. आयुष्य मात्र इन्शाअल्लाह त्यानंतरही तीस-चाळीस वर्षे असते. टाळ्या थांबल्यावर काय, हा प्रश्न गल्लीतल्या खेळाडूला जसा पडतो तसाच जगज्जेत्यालाही पडतो. म्हणून एका जगज्जेत्याची हकिकत आज वाचकांपुढे ठेवत आहोत. त्यात खेळाचा भाग थोडा आहे, खेळानंतरचा जास्त.

सिमेंटच्या व्यापाऱ्याचा मुलगा

हकीम ओलाजुवॉन यांचा जन्म २१ जानेवारी १९६३ रोजी नायजेरियातील लागोस शहरात एका योरुबा मुस्लिम कुटुंबात झाला. वडील सलीम आणि आई अबिके यांचा सिमेंटचा व्यवसाय होता. घर श्रीमंत नव्हते. मेहनत आणि शिस्त आपण आईवडिलांकडून शिकलो, असे हकीम पुढे नेहमी सांगत आले. त्यांच्या शाळेचे नाव मुस्लिम टीचर्स कॉलेज. शाळेत ते हँडबॉल खेळत आणि फुटबॉलमध्ये गोलरक्षक असत. बास्केटबॉल त्यांनी हातात घेतला तो वयाच्या १७व्या वर्षी. आपल्याकडे पालक म्हणतात, सहाव्या वर्षापासून क्लास लावला नाही तर मूल मागे पडते. त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१९८० मध्ये हा उंच, सडपातळ मुलगा अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठात आपला खेळ दाखवायला गेला. विमानतळावर त्याला घ्यायला कोणीच आले नव्हते. विद्यापीठात फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, टॅक्सी करून या. पहिल्या वर्षी त्याला संघातून सामने खेळण्याची परवानगीही मिळाली नाही. तो सराव करत राहिला. त्याच शहरात राहणारा मोझेस मलोन हा त्या काळचा मोठा व्यावसायिक खेळाडू. उन्हाळ्यात हकीम त्याच्याशी खेळत, धक्के खात आणि शिकत. १९८२ ते १९८४ अशी सलग तीन वर्षे ह्यूस्टन विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत पोहोचला. १९८४ मध्ये व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा पहिले नाव हकीम यांचे होते. तिसरे नाव होते मायकेल जॉर्डन.

उंची सात फूट, पण पाय गोलरक्षकाचे. एका बाजूला झुकल्यासारखे करायचे, समोरचा फसला की दुसऱ्या बाजूने वळून चेंडू जाळीत टाकायचा. या हालचालीला लोकांनी 'ड्रीम शेक' असे नाव दिले. फुटबॉलच्या मैदानात शिकलेले बास्केटबॉलच्या मैदानात कामी आले. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी वापरण्याचे हे कसब पुढे व्यवसायातही दिसते.

१९९४ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स संघाने न्यूयॉर्कला हरवून अजिंक्यपद मिळवले. त्या एकाच वर्षी हकीम हे साखळीचे सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडू ठरले. हे तिन्ही मान एकाच वर्षी मिळवणारे ते एकमेव खेळाडू आहेत. १९९५ मध्ये पुन्हा अजिंक्यपद मिळाले. १९९३ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले होते, त्यामुळे १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या संघातून त्यांनी सुवर्णपदकही घेतले.

नाव आणि रोजा

अमेरिकेत अनेक वर्षे त्यांचे नाव 'अकीम' असे लिहिले जाई. १९९१ मध्ये त्यांनी जाहीर केले की आपले नाव हकीम आहे आणि ते तसेच लिहावे. याच सुमारास ते दीनकडे अधिक डोळसपणे वळले होते. तरुणपणी अमेरिकेत आल्यावर जे सुटत गेले होते, ते त्यांनी पुन्हा हाती धरले.

१९९५ मध्ये रमजान १ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू झाला. साखळीचे सामने भर हंगामात होते. हकीम रोजा ठेवून सामने खेळले. ज्या दिवशी सामना दुपारी असे, त्या दिवशी घोटभर पाणीही न पिता खेळत. महिना संपला तेव्हा फेब्रुवारीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून साखळीने त्यांचीच निवड केली. आमच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले एकदम सरसावून बसतात. पण आमच्या मते रोज्याची खरी परीक्षा मैदानाबाहेर झाली.

त्या काळी अमेरिकेत मोठ्या खेळाडूंच्या नावाचे बूट निघत. किंमत शंभर डॉलरच्याही वर. गरीब वस्त्यांतली मुले त्या बुटांसाठी आईबापांकडे हट्ट धरत. बुटांवरून मारामाऱ्या होत, हत्याही झाल्या. हकीम यांनी स्पॉल्डिंग कंपनीशी करार केला आणि त्यांच्या नावाचा बूट साधारण ३५ डॉलरला दुकानात आला. महाग बुटाला नाव दिले असते तर त्यांच्या खिशात जास्त पैसे आले असते. त्यांनी त्या आईचा विचार केला, जिला घरात तीन मुलांचे बूट घ्यायचे असतात. पैसा कुठून येतो आणि कोणाच्या खिशातून येतो, हे पाहण्याची सवय त्यांनी खेळत असतानाच लावून घेतली होती.

बँकेच्या इमारतीत नमाज

२००२ मध्ये हकीम निवृत्त झाले. खेळाच्या सगळ्या वर्षांच्या पगाराची बेरीज १० कोटी डॉलरच्या वर जाते. एवढा पैसा असलेल्या माणसाने काही केले नाही तरी चालले असते. त्यांनी जमीन आणि इमारतींचा व्यवसाय सुरू केला, आणि एक अट स्वतःवर घातली : व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही. जे घ्यायचे ते पूर्ण रोखीने.

कुरआनने व्यापार हलाल ठरवला आणि व्याज हराम ठरवले, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. पण जमिनीच्या धंद्यात ही अट पाळणे म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्या माणसाला विचारावे. तो हसेल. कारण हा धंदा सगळीकडे कर्जावरच चालतो.

एक साधा हिशेब पाहू. समजा, १० लाखांची जमीन आहे. एकाने स्वतःचे २ लाख घातले आणि ८ लाखांचे कर्ज काढले. भाव २० टक्के वाढला, जमीन १२ लाखांची झाली. कर्ज फेडून त्याच्या हातात ४ लाख उरले, म्हणजे पैसे दुप्पट. व्याज वजा केले तरी फायदा मोठा. म्हणून तर लोकांना मोह होतो. आता तोच भाव २० टक्के घसरला असे समजा. जमीन ८ लाखांची झाली. स्वतःचे २ लाख संपले, वर व्याजाचे हप्ते चालूच. हप्ता चुकला की जमीनही जाते. रोखीने घेणाऱ्याचे चढत्या बाजारात पैसे दुप्पट होत नाहीत. पण पडत्या बाजारात त्याची जमीन त्याच्याकडेच राहते. त्याच्या दारावर वसुलीला कोणी येत नाही. तो थांबू शकतो.

हकीम यांच्या व्यवसायाचे बळ या थांबण्यात आहे. ह्यूस्टन हे अमेरिकेतील अगदी मोठ्या शहरांपैकी एक, पण इथे घरे बांधा, अमुक ठिकाणी दुकाने बांधा असे जमिनीच्या वापराचे विभाग पाडणारा कायदा त्या शहरात नाही. त्यामुळे शहर कुठल्या बाजूला सरकते आहे हे ज्याला कळते, त्याला मोकळ्या जमिनीची उद्याची किंमत कळते. हकीम यांनी विद्यार्थी म्हणून, मग खेळाडू म्हणून त्या शहरात वीस वर्षांहून अधिक काळ काढला होता. रस्ते त्यांच्या पायाखालचे होते. वाढीच्या वाटेवरची जमीन पाहायची, रोख देऊन घ्यायची, वेळ येईपर्यंत ठेवायची, मग विकायची. रोख देणाऱ्याशी सौदा लवकर होतो, बँकेच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, म्हणून विकणाराही भाव थोडा खाली आणतो. थांबणे अगदी फुकट नसते, हेही सांगायला हवे. टेक्सासमध्ये मालमत्तेवरचा कर बराच जास्त आहे, तो दरवर्षी भरावाच लागतो. पण कर भरणे वेगळे आणि डोक्यावर व्याज चढत जाणे वेगळे. निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांतच त्यांचा या व्यवसायातला नफा १० कोटी डॉलरपेक्षा जास्त असल्याचा अंदाज अमेरिकी वर्तमानपत्रांनी छापला. सगळ्या कारकिर्दीत खेळून जेवढे मिळाले, जवळजवळ तेवढेच.

त्यांनी घेतलेल्या इमारतींपैकी दोन आमच्या मनात विशेष राहिल्या. पहिली ह्यूस्टनजवळच्या अवकाश केंद्रापाशी असलेली वेस्ट यांची हवेली. एका धनिकाने १९३० मध्ये बांधलेल्या या हवेलीत पुढे अनेक वर्षे चंद्राचा अभ्यास करणारी संस्था होती. हकीम यांनी ती घेतली आणि पुढे तिथे स्वतःच्या कपड्यांच्या ब्रँडचे दालन उघडले.

दुसरी इमारत शहराच्या जुन्या भागात आहे. १९२८ मध्ये बांधलेली, उंच खांबांची ही भव्य इमारत एका बँकेची होती. ती घेतली तेव्हा हकीम अजून खेळतच होते. ती त्यांनी भाड्याने दिली नाही आणि पाडून तिथे मॉलही उभारला नाही. तिथे आज इस्लामिक दावा सेंटर आहे. ज्या दालनात एकेकाळी कर्जाचे अर्ज भरले जात, त्या दालनात आज सफा लागतात आणि नमाज होते.

निवृत्तीनंतर ते कुटुंबासह काही काळ जॉर्डनमध्येही राहिले, अरबी आणि दीनचा अभ्यास करण्यासाठी. खेळही सुटला नाही. कोबी ब्रायंट २००९ मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २०११ मध्ये त्यांच्याकडे पायांच्या हालचाली शिकायला आले. त्या वेळी हे दोघेही जगातले आघाडीचे खेळाडू होते.

दोन खेळाडू, एकच रक्कम

कोणी म्हणेल, एवढा पैसा असेल तर कोणीही यशस्वी होईल. त्यासाठी दुसऱ्या एका खेळाडूचे उदाहरण घेऊ. अँटोइन वॉकर हाही बास्केटबॉलपटू. २००६ मध्ये मायामी संघाबरोबर त्यानेही अजिंक्यपद मिळवले. त्याच्या पगाराची बेरीजही हकीम यांच्याएवढीच, १० कोटी डॉलरच्या वर. त्यानेही जमीन-इमारतींचा धंदा केला, शिकागोत. पण कर्ज काढून, आणि त्या कर्जांना स्वतः जामीन राहून. २००८ मध्ये अमेरिकेत घरांच्या कर्जांचा डोलारा कोसळला. भाव पडले, कर्जे अंगावर आली. खर्चालाही धरबंध राहिला नव्हता. मे २०१० मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता.

हे आम्ही त्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. पुढे तो दिवाळखोरीतून बाहेर आला आणि आज तरुण खेळाडूंना पैसा कसा सांभाळावा हे स्वतःच्या चुका सांगून शिकवतो. चूक लपवणे सोपे असते, चार लोकांत उभे राहून सांगणे कठीण. आम्ही एवढेच म्हणतो की पैसा तेवढाच होता, धंदाही तोच होता. बाजार पडला तेव्हा एकाला थांबता आले, दुसऱ्याला आले नाही.

आपले काय?

आता वाचक आम्हाला विचारतील : हकीम यांच्याकडे कोट्यवधी डॉलर होते, रोखीने घ्यायला त्यांचे काय जाते? महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याने घर कसे घ्यायचे?

हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर देताना आम्ही मोठेपणा मिरवू शकत नाही. बारा वर्षांपूर्वी आम्ही कर्ज काढूनच दोन खोल्यांचे घर घेतले. भाड्याच्या घरातून मालकाने तिसऱ्यांदा उठवले होते आणि मुलगी लहान होती. पहिली काही वर्षे पावतीवर मुद्दलापेक्षा व्याजाचा आकडा मोठा असे. ती पावती आम्ही घडी घालून कपाटात तळाशी ठेवत असू. अशा अडचणीत दीनचा हुकूम काय, हे ज्याने त्याने जाणकार उलेमांना विचारावे. तो अधिकार आमचा नाही.

गेल्या वर्षी घराशेजारचा मोकळा प्लॉट विकायला निघाला. दलाल म्हणाला, "सर, तुमची पगाराची स्लिप आहे. कर्ज आठवड्यात होईल. दोन वर्षांत भाव दीडपट." आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो. घरातून आवाज आला, "डोक्यावर छप्पर नव्हतं तेव्हाची गोष्ट वेगळी. आता कशासाठी?" आम्ही थांबलो. प्लॉट दुसऱ्याने घेतला, आणि भाव खरोखरच चढला आहे. त्या कुंपणाजवळून जाताना अजून थोडे टोचते. खोटे कशाला सांगावे?

पण गरज आणि हाव यांतली रेघ त्या दिवशी आम्हाला दिसली. हकीम यांच्यासारखी रोकड आपल्याजवळ नसते, तरी थांबण्याच्या काही रीती आपल्या मोहल्ल्यांतही आहेत. आपल्या आयाबहिणी वर्षानुवर्षे भिशी चालवतात. वीस जणी दरमहा ठरलेली रक्कम टाकतात आणि चिठ्ठी निघेल तिला सगळी उचल मिळते. बोली लावून कमी रकमेत उचल घेण्याची भिशी वेगळी, तिथे व्याज मागच्या दाराने येते. साध्या चिठ्ठीच्या भिशीत जेवढे टाकले तेवढेच मिळते, ना कमी ना जास्त. आमच्या मुलीचा लॅपटॉप अशाच भिशीतून आला. तो हवा होता त्यापेक्षा सात महिने उशिरा आला, पण त्याचा एकही हप्ता राहिलेला नाही. काही शहरांत बिनव्याजी पतसंस्थाही चालतात. छोट्या दुकानदाराला, फेरीवाल्याला तिथे हात मिळतो.

मदीनेतील एक प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. मक्केहून रिकाम्या हाताने आलेले हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना त्यांच्या अन्सारी भावाने आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी त्याला दुआ दिली आणि विचारले, बाजार कुठे आहे तेवढे दाखवा. थोड्याशा पनीर-तुपाच्या व्यापारापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे ते मदीनेच्या मोठ्या व्यापाऱ्यांत गणले गेले.

पुन्हा ती आई

आता त्या पालकसभेकडे येतो. आम्ही मुलाच्या वडिलांनाही बोलावून घेतले. त्यांचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. हकीम यांची गोष्ट त्यांना सांगितली. ते म्हणाले, "सर, माझा मुलगा काही हकीम नाही."

"नसेलही," आम्ही म्हणालो. "पण हकीम यांना व्यापार निवृत्तीनंतर अचानक सुचला नाही. सिमेंटच्या व्यापाऱ्याच्या घरात ते वाढले. ती बँकेची इमारत घेतली तेव्हा ते खेळतच होते. याला सकाळी खेळू द्या, संध्याकाळी अभ्यास. आणि रोज अर्धा तास गॅरेजचा हिशेब याच्या हातात द्या. उद्या खेळात पुढे गेला तर पैसा सांभाळेल, नाही गेला तर गॅरेज सांभाळेल."

वडिलांनी मुलाकडे पाहिले. मुलगा आमच्याकडे पाहत होता. मग त्याने विचारले, "सर, हकीम म्हणजे आपल्याकडे औषध देणारा असतो तो ना?" आम्ही म्हणालो, "तोही. आणि ज्याच्याकडे हिकमत आहे तोही."

महिन्याभराने तो हिशेबाची वही घेऊन आला. अक्षर नीट, तारखा नीट, बेरीज बरोबर. मात्र ज्या गिऱ्हाइकांनी अजून पैसे दिलेच नव्हते, त्यांची रक्कमही त्याने जमेत धरली होती. आम्ही त्याखाली लाल रेघ ओढली.

"पण सर, ते देणारच आहेत."

"दिल्यावर लिही," आम्ही सांगितले. त्याने रबराने ते आकडे पुसले, खाली नवी बेरीज केली आणि चेंडू काखेत मारून मैदानाकडे गेला.